बेसबॉलच्या जाळीमागून

मुलीला पोहण्याचा कंटाळा आला म्हणून आमच्या घरात बेसबॉल आला. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. आम्ही जर्मनीत, स्टुटगार्टजवळच्या ब्योब्लिंगेनला येऊन सात वर्षं झाली होती. मी गिअरबॉक्सच्या टेस्टिंगला, बायको सॉफ्टवेअरमध्ये. मुलीच्या वर्गातल्या एका मैत्रिणीचे वडील जवळच्या अमेरिकन छावणीत नोकरीला होते. ती मैत्रीण खेळायची, म्हणून हिलाही खेळायचं होतं. मी सांगलीचा. माझ्या लेखी बॅट म्हणजे चपटी. पहिल्या दिवशी ती गोल बॅट हातात घेऊन पाहिली तेव्हा ती मला मुसळासारखी वाटली आणि हे आपल्याला कधी कळायचं नाही अशी खात्री झाली.

मैदान गावापासून वीस मिनिटांवर होतं. एका बाजूला जंगल, दुसऱ्या बाजूला मक्याचं शेत. इथे प्रत्येक खेळाचं एक मंडळ असतं, त्याला फेराइन म्हणतात, आणि मूल खेळायला घातलं की आईबापांनी त्यात काहीतरी काम उचलायचं असतं. कोणी केक करून आणतं, कोणी गवत कापतं, कोणी चुन्याच्या रेषा आखतं. ऑफिसात सगळं इंग्रजीत चालायचं, त्यामुळे सात वर्षांनंतरही माझं जर्मन बेकरीपुरतंच होतं. केकच्या टेबलामागे उभं राहून बोलायची मला धास्ती वाटली. मी म्हणालो, मी फोटो काढतो.

कॅमेरा होता. मुलगी झाली तेव्हा घेतलेला. त्याला एक लांब लेन्स घेतली आणि शिकत गेलो. मैदानाभोवती तारेची जाळी असते, पण लेन्स जाळीला अगदी टेकवून धरली की ती जाळी फोटोत विरघळून जाते, दिसतच नाही. उजव्या हाताने खेळणाऱ्या बॅटरचा चेहरा हवा असेल तर पहिल्या बेसच्या बाजूला उभं राहायचं. बॅटीचा आवाज ऐकून बटण दाबलं तर उशीर झालेला असतो. आवाजाच्या आधी दाबावं लागतं. आणि डोळ्याला कॅमेरा लावला की माणूस कामात आहे असं सगळे धरून चालतात. कोणी बोलायला येत नाही. हे मला फार सोयीचं होतं.

मुलीला राइट फील्डमध्ये उभं करायचे, म्हणजे पार मागे उजव्या कोपऱ्यात. लहान मुलांच्या सामन्यात तिकडे चेंडू जवळजवळ जातच नाही. जो नवा असेल, ज्याला चेंडूची भीती वाटत असेल, त्याला तिथे पाठवतात. ती मक्याच्या शेताकडे पाठ करून उभी असायची, मोठा ग्लोव्ह मांडीवर आपटत. मी जाळीमागे, ती तिकडे, मधे सगळा खेळ.

पहिल्याच उन्हाळ्यातल्या एका रविवारी मी एका बॅटरचे फोटो काढले आणि ते नीट आले का हे पाहायला कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर मान घातली. तेवढ्यात गलका झाला. वर पाहिलं तर सगळी मुलं राइट फील्डकडे पळत होती आणि माझी मुलगी ग्लोव्ह डोक्यावर धरून उभी होती. चेंडू ग्लोव्हमध्ये होता. उंच गेलेला चेंडू तिने मागे धावत जाऊन पकडला होता, हे मला नंतर शेजारच्या बाईंकडून कळलं.

गाडीत बसल्या बसल्या तिने विचारलं, "बाबा, पाहिलंस?" ती माझ्याशी जर्मनमध्येच बोलायची, मराठी सगळं समजायचं, पण उत्तर जर्मनमधून.

"पाहिलं ना," मी म्हणालो.

"मग फोटो दाखव."

घरी गेल्यावर दाखवतो म्हणालो. वाटलं, विसरेल. विसरली नाही. घरी आल्यावर हात न धुता कॉम्प्युटरसमोर बसली आणि एकेक फोटो पुढे सरकवत गेली. बॅटरचा फोटो आला, पाठमोरा अंपायर आला, आणि पुढच्या फोटोत सगळी मुलं हसत परत येत होती. ती मागे गेली, पुन्हा पुढे आली. मग खुर्चीवरून उतरली आणि म्हणाली, "एगाल."

एगाल म्हणजे काही फरक पडत नाही. इथली मुलं हा शब्द दिवसातून वीस वेळा वापरतात. त्या दिवशी तो मला लागला. मी तिला खरं सांगायला हवं होतं, तेही मी सांगितलं नाही; म्हणालो, कार्डमध्ये काहीतरी गडबड झाली असेल. ती मान हलवून आंघोळीला गेली.

त्यानंतरचे तीन उन्हाळे मी लेन्स तिच्यावरून हलवली नाही. बॅटर, चेंडू टाकणारा पिचर, बेसवर घसरत येणारी मुलं, सगळं सोडून दिलं. माझ्याकडे तिचे नुसते उभे राहिलेले शेकडो फोटो आहेत. केस बांधताना, गवताला लाथ मारताना, ग्लोव्ह डोक्यावर टोपीसारखा ठेवून विमान पाहताना. तसा चेंडू तिच्याकडे पुन्हा कधी आला नाही.

आमचं लग्न मोडलं त्यात सांगण्यासारखं फार नाही. बायकोला हाम्बुर्गमध्ये चांगली नोकरी मिळाली, तिने ती घेतली, आणि मी तिकडे बदली मागितली नाही. तिनेही ‘बदली माग’ असं म्हटलं नाही. काही महिने आम्ही दोघंही याबद्दल अतिशय सभ्यपणे गप्प राहिलो. मुलगी तेरा वर्षांची होती. ती आईबरोबर गेली, आणि ते बरोबरच होतं. सामान नेणारी गाडी गेल्यावर मी तिची खोली झाडली, खिडकी उघडली आणि बराच वेळ तिथेच जमिनीवर बसून राहिलो.

स्टुटगार्टच्या मराठी मंडळात जायचं मी हळूहळू बंद केलं. माणसं चांगली होती. पण प्रत्येक जण विचारायचा, वहिनी कशा आहेत, आणि ज्यांना माहीत होतं ते विचारायचे नाहीत. दोन्ही मला जड जायचं.

एप्रिलमध्ये बेसबॉलचा मोसम सुरू झाला. पहिल्या रविवारी सकाळी मी डबा भरला, बॅटऱ्या चार्ज केल्या आणि मैदानावर गेलो. का गेलो असं कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. रविवारी तिथे जायचं असतं, एवढंच. मुलगी ज्या गटात खेळायची तो गट आता मोठ्यांत गेला होता, आणि मैदानावर सगळी नवी मुलं होती, नऊदहा वर्षांची. मी पहिल्या बेसच्या बाजूला उभा राहिलो, लेन्स जाळीला टेकवली आणि फोटो काढू लागलो.

तिसऱ्या डावाच्या सुमाराला एक गृहस्थ शेजारी येऊन उभे राहिले. सायकलचं हेल्मेट हातात, चेहरा शांत. काही वेळ ते खेळ पाहत होते. मग त्यांनी विचारलं, "तुमचं मूल कोणतं?"

मी कॅमेरा खाली घेतला. मैदानावर पाहिलं, जणू तिथे खरंच कोणीतरी सापडेल.

"आता कोणतंच नाही," मी म्हणालो.

माझं जर्मन तोवर बरं झालं होतं, पण हे वाक्य कसं ऐकू गेलं असेल ते त्यांचा चेहरा पाहून कळलं. त्यांनी फोटो पाहायला मागितले. मी दाखवले. त्यांच्या मुलाचे पाच-सहा होते. ते काढून टाकाल का असं त्यांनी विचारलं. मी त्यांच्यासमोर एकेक काढून टाकला. ते उद्धटपणे एक शब्दही बोलले नाहीत. आभार मानून परत गेले आणि बाकावर दोन आयांशेजारी बसले. त्या तिघांनी माझ्याकडे पाहिलं. मी लेन्स पिशवीत घातली आणि सामना संपायच्या आधी निघालो. डबा तसाच परत आणला.

त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांच्या जागी मी असतो तर मीही विचारलं असतं, आणि कदाचित इतक्या शांतपणे नाही. पण पुढचे तीन रविवार मी बाहेर पडलो नाही. धुणं, भाजी, सांगलीला फोन. आई विचारायची, तुझ्याकडे आवाज का नाही रे कसला. मी टीव्ही लावून ठेवायला लागलो.

चौथ्या आठवड्यात फोन आला. मैदानावर स्कोअर लिहिणाऱ्या बाईंचा. सत्तरीच्या बाई, जाळीमागे एका लहानशा टेबलाशी बसायच्या, समोर भलंमोठं कोष्टक आणि टोकं काढलेल्या पेन्सिलींचा डबा. प्रत्येक चेंडूची त्या नोंद करायच्या. चार वर्षांत आमचं बोलणं नमस्काराच्या पलीकडे गेलं नव्हतं. त्या म्हणाल्या की त्या दिवशी काय झालं ते त्यांना कळलं आहे. ते गृहस्थ बरोबर होते, आणि मीही बरोबर आहे, आणि अशा वेळी जर्मनीत एक संमतीचा फॉर्म असतो. तो त्यांनी छापून सगळ्या पालकांकडून भरून घेतला आहे. मी येऊन पाहावं.

गेलो. फॉर्मवर सगळ्यांच्या सह्या होत्या. त्या गृहस्थांचीही होती, ठळक अक्षरात. बाईंनी मला एक पिवळं जाकीट दिलं, पाठीवर फोटो असं लिहिलेलं. मी आभार मानले, जाकीट घातलं, जाळीशी उभा राहिलो. पण बटण दाबवेना. प्रत्येक मुलावर लेन्स नेली की वाटायचं, आता कोणीतरी मागे येऊन उभं राहील.

मी परत येऊन बाईंना तसं सांगितलं. त्यांनी कोष्टकावरून नजर न काढता उत्तर दिलं. "मग पुरुषांचे काढा. ते फार नखरेल असतात. उलट आभारच मानतील."

तसंच झालं. फेराइनच्या मोठ्यांच्या संघात इलेक्ट्रिशियन होते, विद्यार्थी होते, एक दाताचे डॉक्टर होते, आणि सोमवारी सकाळी सगळ्यांना आपापले फोटो हवे असायचे. दोन मोसम मी त्यांच्या सामन्यांचे फोटो काढले. खेळही कळायला लागला. दुसरा बेस चोरायला, म्हणजे पिचरची नजर चुकवून पुढच्या बेसवर पळायला निघालेला खेळाडू आधी खांदा कसा सोडतो, बॅटरमागे बसलेला कॅचर पायांच्या मधे बोटांनी पिचरला काय सांगतो, हे दिसायला लागलं. पण सामना कोण जिंकलं हे मला नेहमी बाईंना विचारावं लागायचं. लेन्समधून एक माणूस दिसतो, खेळ दिसत नाही.

बाई एकाआड एक शनिवारी तासाभराच्या अंतरावरच्या एका मोठ्या शहरात स्कोअर लिहायला जायच्या. तिथला संघ देशातल्या सर्वांत वरच्या लीगमध्ये होता. त्यांना आता आउटोबानवर, म्हणजे इथल्या हायवेवर, गाडी चालवायची भीती वाटायची, म्हणून मी त्यांना घेऊन जायला लागलो, आणि तिथेही मला एक जाकीट मिळालं. गाडीत आम्ही फार बोलायचो नाही. त्यांचे यजमान अंपायर होते, वारले होते. सामना चालू असताना अंपायरने आणि स्कोअर लिहिणाऱ्याने एकमेकांशी बोलायचं नसतं, त्यामुळे उन्हाळ्यातले सगळे शनिवार-रविवार आम्ही अबोल्यात काढले, असं त्यांनी एकदा सांगितलं आणि बराच वेळ हसत राहिल्या.

त्या वरच्या संघातही बहुतेक जण नोकऱ्या सांभाळून खेळायचे. पगार घेऊन फक्त बेसबॉल खेळणारा एकच, अमेरिकेहून आणलेला पिचर. एकतीस वर्षांचा, उंच, डावरा. तिकडच्या व्यावसायिक लीगच्या खालच्या पायऱ्यांवर आठ वर्षं काढलेली, वर कधी गेला नाही. क्लबने त्याला मैदानाला लागून एक खोली दिली होती. त्याला जर्मन येत नव्हतं. सामना संपला की बाकीचे खेळाडू बायकामुलांबरोबर घरी जायचे आणि तो आपल्या खोलीच्या ओट्याच्या पायरीवर बसून खांद्याला बर्फ लावायचा. बाई कोष्टकाची पक्की प्रत तयार करेपर्यंत मलाही थांबावं लागायचं. म्हणून मी त्या पायरीवर बसायला लागलो.

त्याला फोटो स्वतःच्या चेहऱ्याचे नको होते. चेंडू सुटताना हात कुठे असतो ते पाहायचं होतं. माझा कॅमेरा एका सेकंदात दहा फोटो काढायचा. ऑफिसात मी दिवसभर हेच करायचो, फिरत्या गिअरच्या फिल्म पाहून झीज कुठे सुरू झाली ते शोधायचं. मी लॅपटॉपवर त्याचे फोटो ओळीने लावायचो, खांद्यापासून कोपरापर्यंत एक रेघ ओढायचो, आणि आम्ही दोघं त्या रेघेकडे पाहत बसायचो. मी घरून पोहे न्यायचो. त्याला आवडायचे, मिरच्या बाजूला काढून. तो म्हणायचा की इथे आल्यापासून तुझ्याएवढं कोणाशी बोललो नाही. मला त्याला सांगावंसं वाटायचं की मीही. सांगितलं नाही.

जूनमध्ये मला ती रेघ बदललेली दिसली. कोपर खाली येत होतं. आधी थोडं, मग प्रत्येक सामन्याला थोडं अधिक. मी एप्रिलचा आणि जूनचा फोटो शेजारी शेजारी ठेवून त्याला दाखवला. त्याने पाहिलं आणि लॅपटॉपचं झाकण अलगद खाली केलं.

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "कोचला दाखवू नकोस. ऑगस्टपर्यंत."

ऑगस्टमध्ये इटलीच्या एका संघाचा माणूस त्याला पाहायला येणार होता. पुढच्या वर्षाची नोकरी त्यावर ठरणार होती. मी मान हलवली. त्या मान हलवण्याचं काय करायचं हे मला आजही कळत नाही. ऑफिसात अशी झीज दिसली असती तर मी त्याच दिवशी मशीन थांबवलं असतं.

जुलैतला शनिवार. कडक ऊन, बाकांवर शंभरेक माणसं, पाचवा डाव. मी तिसऱ्या बेसच्या बाजूला होतो, लेन्स त्याच्यावर. त्याने पाय उचलला, हात मागे नेला, आणि मी बटण दाबलं. चेंडू गेला. कॅचरच्या ग्लोव्हचा आवाज आला. मग तो दोन पावलं पुढे आला, डावा हात पोटाशी धरला आणि कोणाकडेही न बघता खेळाडूंच्या बाकाकडे चालत गेला. ओरडला नाही. ग्लोव्ह काढून उजव्या काखेत धरला होता, रोजच्यासारखा. या सगळ्या वेळात माझं बोट बटणावरून उठलं नव्हतं. तो आत दिसेनासा झाला तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी अजून फोटो काढतोच आहे.

कोपराचा स्नायुबंध तुटला होता. मैदानाबाहेर माझ्या गाडीत बसून मी फोटो पाहिले. एका फोटोत ते होतं. चेंडू बोटांच्या टोकाशी, कोपर नको तिथे, आणि चेहरा अगदी शांत, कारण वेदना अजून पोचायची होती. इतक्या वर्षांत मी काढलेला तो सगळ्यांत चांगला फोटो होता. हे मला त्याच क्षणी कळलं आणि स्वतःची शिसारी आली.

क्लबचं प्रसिद्धीचं काम पाहणाऱ्या मुलीने खिडकीशी येऊन विचारलं, तो क्षण मिळाला का. मी म्हणालो, नाही, माझ्याकडून सुटला. तिने माझ्याकडे जरा सहानुभूतीने पाहिलं.

दहा दिवसांनी तो परत निघाला. क्लबचे लोक कामावर होते, म्हणून मी सुट्टी टाकली आणि त्याला फ्रांकफुर्टच्या विमानतळावर सोडायला गेलो. बाई मागच्या सीटवर होत्या. यायची काही गरज नव्हती, पण त्या सकाळी तयार होऊन दारात उभ्या होत्या, हातात नेहमीची पिशवी. पार्किंगमध्ये गाडी थांबवल्यावर त्याने विचारलं, "तो फोटो आहे ना तुझ्याकडे?"

मी हो म्हणालो. लॅपटॉप उघडून दिला. त्याने उजव्या हाताने फोटो मोठा केला. मला वाटलं, तो कोपर पाहील. त्याने चेहरा मोठा केला.

"इथे मी माझ्या वडिलांसारखा दिसतो," तो म्हणाला.

मग मी बोललोच. "मी कोचला सांगायला हवं होतं."

"मग मी हाच चेंडू दुसऱ्या कुठल्यातरी गावात टाकला असता," तो म्हणाला. त्यात राग नव्हता, पण माफी दिल्यासारखंही काही नव्हतं. नुसती माहिती होती. मग त्याने मागे वळून बाईंना विचारलं, "तो शेवटचा चेंडू स्ट्राइक होता का?"

बाईंना इंग्रजी जेमतेम यायचं, पण हे वाक्य कळलं. त्यांनी पिशवीतून त्या दिवशीचं कोष्टक काढलं, घडी उलगडली आणि एका लहानशा चौकोनावर पेन्सिल टेकवली. स्ट्राइक. तिसरा. बॅटर बाद. त्याने तो चौकोन निरखून पाहिला, मान हलवली आणि गाडीतून उतरला. फोटो मी त्याला तिथूनच पाठवला. तो सध्या एका शाळेत मुलांना शिकवतो. नाताळात दोन ओळी लिहितो, मीही लिहितो. त्या फोटोबद्दल पुन्हा कधी बोलला नाही, आणि मी तो दुसऱ्या कोणाला दाखवलेला नाही.

पुढच्या वसंतात बाईंच्या डोळ्यांनी साथ सोडली. चौकोन दिसेनात. त्या उत्तरेला बहिणीकडे राहायला गेल्या. जायच्या आधी मी त्यांच्याकडे कॉफी प्यायला गेलो होतो. त्यांनी विचारलं, आता मैदानावर तुम्हाला निकाल कोण सांगणार. मी म्हणालो, बघू. आता तिथे एक तरुण टॅब्लेटवर स्कोअर घेतो आणि निकाल फोनवर आपोआप येतो. मी एकटाच जातो. लेन्सची पिशवी शेजारच्या सीटवर ठेवली की वजनामुळे गाडी सीटच्या पट्ट्यासाठी पिंपिं करते, म्हणून पिशवीला पट्टा लावतो. वर्षातले वीसेक शनिवार असेच जातात. जाताना, येताना, मधे जाळी. घरी आलो की फोटो निवडतो, पाठवतो. डांके असं उत्तर येतं, म्हणजे थँक्स. कधी तेही येत नाही.

मुलगी आता लाइप्झिगला शिकते. दर रविवारी फोन असतो. मी मराठीत, ती जर्मनमध्ये, दहा-बारा मिनिटं. या वर्षी मार्चमध्ये तिने सांगितलं की इंटर्नशिपच्या अर्जाला फोटो लावायचा आहे. स्टुडिओतले तिला आवडत नाहीत. तू काढशील का?

मी लेन्स पुसल्या. लांब लेन्सचा काही उपयोग नव्हता तरी सोबत घेतली. तिच्या होस्टेलच्या मागे एक अंगण होतं, सायकलींचा स्टँड, पांढरी भिंत, चांगला सावलीचा उजेड. तिने निळा शर्ट इस्त्री करून घातला होता. ती भिंतीशी उभी राहिली आणि मी तिच्यासमोर, दोन मीटरवर. मी कधी कोणाचा इतक्या जवळून फोटो काढला नव्हता. माझे सगळे लोक चाळीस मीटरवर असतात आणि त्यांना दुसरं काहीतरी काम असतं. ती सरळ माझ्याकडे पाहत होती. मी पाचसहा फोटो काढले. सगळ्यांत तिचा चेहरा ताठ. मी उजेडाशी खेळत राहिलो, काहीतरी बोलायला हवं हे कळत होतं, सुचत नव्हतं.

"बाबा, काहीतरी बोल ना," ती म्हणाली. मराठीत. मधेच एखादा शब्द ती वापरायची, पण असं पूर्ण वाक्य मी कितीतरी वर्षांनी ऐकत होतो.

मी गडबडलो. "जेवलीस का?" मी विचारलं.

सकाळचे साडेदहा वाजले होते. तिला हसू आलं. मान मागे टाकून, डोळे मिटून, दात दाखवत हसली. माझं बोट खाली गेलं.

आम्ही सायकलस्टँडच्या कठड्यावर बसून फोटो पाहिले. हसण्याच्या फोटोवर ती थांबली, म्हणाली हा अर्जाला चालणार नाही. तिने एक गंभीर निवडला आणि आपल्या फोनवर घेतला. बरोबर होतं तिचं. त्यात ती हुशार दिसत होती आणि कामाची. मग आम्ही जेवायला गेलो, आणि जेवताना ती पुन्हा जर्मनमध्ये बोलत होती. नवीन शहराबद्दल, मैत्रिणीबद्दल, आईने घेतलेल्या घराबद्दल. मी ऐकत होतो. एक वाजता तिचा वर्ग होता.

स्टेशनवर ती आली नाही, ट्राम उलट दिशेची होती. मी खिडकीशी जागा मिळवली आणि सवयीने कॅमेरा काढून नको ते फोटो पुसायला लागलो. असं मी प्रत्येक सामन्यानंतर करतो. बाकीचे ताठ चेहऱ्यांचे गेले, हललेले गेले. शेवटी दोन राहिले, तिने निवडलेला आणि तो हसण्याचा. तेवढ्यात तिचा निरोप आला, अर्ज पाठवला म्हणून. मी चांगलं झालं असं लिहिलं, आणि पुढच्या महिन्यात येऊ का असं विचारलं. तिने लगेच उत्तर दिलं नाही, वर्गात असेल. बाहेर नांगरलेली काळी शेतं होती, त्यांच्या कडेला मधेच एखादं रिकामं फुटबॉलचं मैदान. मी फोन पालथा ठेवला आणि ती मैदानं पाहत बसलो.